गडावरील वेलवांग्यांस करपा लागला त्याची हकीकत

श्रीशंभू रक्षी. शके सतराशें सहासष्ट, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं एका राज्यांत वर्तमान घडलें तें ऐसें जे, राणीसाहेब गोजराबाई यांची एकुलती लेक मंजुळाबाई गरोदर होऊन माहेरीं गडावर आली आणि तिच्या पोटीं अन्न ठरेना. पेज दिली ती उलटली, दूध दिलें तें उलटलें, मग वेलवांग्याचें, ज्यास टोमॅटो म्हणतात त्याचें, आंबट सार दिलें तें मात्र राहिलें. वैद्यांनीं सांगितलें, जें ठरतें तेंच द्यावें. गड सारा कातळ, आणि खालीं मुलखांत तें फळ कोणी लावीत नसे. सबब गोजराबाई बाईसाहेबांनीं गच्चीवर कुंड्यांत रोपें लाविलीं होतीं तेवढाच आधार. तों रोपांचीं खालचीं पानें पिवळीं पडूं लागलीं. बाईसाहेबांस वाटलें, उन्हानें तहानलीं; मग दोन्ही वेळां झारीनें वरून पाणी घातलें, आणि पिवळेपणा वर चढला, आणि पानांवर तपकिरी डाग उठून डागांत एकांत एक वळीं दिसूं लागलीं. बाईसाहेबांचें चित्त थाऱ्यावर राहिना. लेकीपुढें हंसून बोलावें आणि बाहेर येऊन पदराचें टोक पिळीत बसावें ऐसें झालें.

मग बागेचे हवालदार संताजी यांस घेऊन बाईसाहेब गच्चीवर गेल्या आणि मातींत बोट खुपसलें, तों चिखल, आणि कुबट वास आला.

“पाणी उणें नाहीं, संताजी. मीच जास्त घातलें.”

संताजींनीं कुंडी कलती केली तों तळाचें भोंक गाळानें बुजलेलें. ते म्हणाले, “पाण्यानें पिवळेपणा येतो, बाईसाहेब, परंतु हीं वळीं पाण्यानें येत नाहींत. हा करपा. पाणी वरून पडून उडतें, त्याबरोबर पानोपानीं जातो.”

“उपाय काय?”

“डागी पानें काढून जाळावीं. परंतु ह्या थोरल्या झाडास निरोगी पान उरलें नाहीं. तें ठेविलें तर बाकीचींही जातील.”

थोरल्या झाडावरच फळें अधिक, आणि सारीं हिरवीं. बाईसाहेबांनीं विचारिलें, “पेंढ्यांत घातलीं तर पिकतील?”

“कांहीं पिकतील, कांहीं सडतील. खात्री देववत नाहीं.”

बाईसाहेबांनीं फळें उतरवून पेंढ्यांत घातलीं आणि झाड आपल्या हातें उपटलें. डागी पानें जाळिलीं, भोंकें मोकळीं केलीं, वारा खेळावा म्हणोन कुंड्या दूर दूर मांडिल्या, मातीवर पेंढा अंथरिला, आणि वरची माती सुकल्याखेरीज पाणी नाहीं, तेंही सकाळीं, बुंध्याशीं, ऐसा हुकूम केला. आणि रोज पान पान उलटून पाहूं लागल्या.

तों पिकलीं फळें सरलीं. मंजुळाबाईनें विचारिलें, “आईसाहेब, आज सार नाहीं का?”

“आज नाहीं. उद्यां.”

त्या दिवशीं लेकीच्या पोटीं पाणीही राहिलें नाहीं, आणि बाईसाहेब तस्त धरून बसल्या. दुसरे दिवशींही पेंढ्यांत हिरवींच फळें. तिसरे दिवशीं चार लाल निघालीं. सार झालें, आणि तें राहिलें. पुढें आणखी कांहीं झाडें करप्यानें गेलीं, परंतु उरलेल्यांच्या शेंड्यांस नवीं पानें आलीं तीं स्वच्छ आलीं.

सारांश, निम्मीं झाडें गेलीं, निम्मीं वांचलीं, वांचलीं तीं पुरलीं. पुढील सालीं ज्येष्ठमासीं मंजुळाबाई सुखरूप प्रसूत होऊन कन्या झाली. बाळंतीण पोटभर जेवून निजली, तेव्हां बाईसाहेब दार लोटून बाहेर आल्या आणि इतक्या महिन्यांत प्रथमच रडल्या. घडलें तें इतकें. लिहिणारानें पदरचें घातलें नाहीं. वाचणारांचें कुशल असो.