मास्तरांनी सरळ केलेली ओळ

"सिस्टर, ही ओळ कुणी काढली?"

हात धुऊन, कोपर वर धरून आत आलेल्या डॉक्टरीणबाई टेबलापाशी थबकल्या. हिरव्या कापडातून एक पाय बाहेर आला होता. त्याच्या दुसऱ्या बोटावर बाईंनी मघाशी निळ्या पेनानं नागमोडी खुणा केल्या होत्या. आता तिथं एकच ओळ होती, पट्टी लावून मारावी तशी सरळ. दोन्ही बाजूंना ठिपक्याठिपक्यांच्या बारीक रेघा.

"मी नाही बाई," सिस्टर म्हणाल्या.

"मग काय पेन आपोआप चाललं?"

टेबलावर पायाचे मालक डोळे मिटून पडले होते. गुपचूप पुण्य करून आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

इथं थोडं उसवावं लागेल. शिवण चुकली की मागं जावंच लागतं.

टेबलावरचे हे मास्तर शिंपी होते. त्यांच्या त्या बोटाला घरात सगळे ‘जावई’ म्हणत. कारण ते कायम फुगलेलं, शेजारच्या बोटावर चढून बसलेलं, आणि त्याच्यापुढं घरात कुणाचं काही चालत नसे. जावयाला घरात आणलं कात्रीनं. कापायच्या टेबलावरून मोठी कात्री थेट पायावर पडली. जखम भरली, पण व्रण भरायचा थांबेचना. एका दवाखान्यात तो कापून टाके घालून घेतले, तर वर्षाच्या आत पहिल्याहून जाड होऊन परत आला आणि त्यानं बोटच वर ओढून धरलं. पायडल दाबलं की व्रण ताणायचा, चिरायचा आणि मशीनखाली रक्त ठिबकायचं.

शेवटी मशीनवर बायको बसली आणि मास्तर काजं करायला बसले. काजं करण्यात कमीपणा नाही. पण ज्याच्या कोटाचा खांदा बघायला दुसऱ्या गल्लीतले शिंपी यायचे, त्यानं दिवसभर भोकं करत बसायचं म्हणजे गवयानं तंबोरा पुसत बसण्यासारखं.

"पायडल मारता येईल का हो पुन्हा?" पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं. बाकी काही विचारलंच नव्हतं.

"येईल. पण व्रण नुसता काढून भागत नाही, तो पुन्हा धरू नये म्हणून मेहनत असते. पट्टी, मालीश, उन्हापासून जपणं. माझं ऐकाल ना?"

"तुम्ही म्हणाल तर पाय डोक्यावर घेऊन बसेन."

"यांचं काय सांगता," बायको मध्येच म्हणाली, "सध्या सगळं घरच डोक्यावर घेतलंय."

बाई हसल्या, आणि त्यांनी सुट्टीच्या दिवशी, सकाळची तातडीची तीन ऑपरेशनं आटोपून मास्तरांना वेळ दिली. मास्तरांचा ऊर भरून आला. टेबलावर पडल्यापडल्या ते बाईंकडे बघत होते. डोळे तांबारलेले, केस टोपीतून सुटलेले. अशा अवस्थेत बाईंनी पेन घेतलं आणि खुणा केल्या. एक रेघ इकडं, एक तिकडं, पुन्हा इकडं.

बाई हात धुवायला गेल्या. सिस्टर इंजेक्शन आणायला गेल्या. मास्तर उठून बसले, बोटावरची ती वेडीवाकडी रेघ बघून त्यांना गलबलून आलं.

"दमल्यात बिचाऱ्या. हात हलला."

ज्या बाईनं आपल्यासाठी सुट्टी मोडली, तिच्या हातून वाकडा काप जाऊ द्यायचा? चार लोकांत बोलणी बसायची तिला. शेजारच्या ट्रेमध्ये स्पिरिटचा बोळा होता, पेन होतं, आणि तपासणीच्या कागदाला सरळ कड होती. मास्तरांनी खुणा पुसल्या, कड लावली, एका दमात ओळ मारली. दोन्ही बाजूंना दोन-दोन सूत मार्जिनसुद्धा सोडलं. शिलाईला लागतं. मग ते आडवे झाले आणि त्यांनी डोळे मिटले.

उसवण संपली. आता पुढं.

"सिस्टर, इतकी वर्षं काम करताय तुम्ही. खूण केलेल्या पेशंटला एकटं सोडता?"

"एक मिनिट गेले हो मी..."

"एका मिनिटात बोटाचा नकाशा बदलला! मी न बघता कापलं असतं तर?"

सिस्टरांचा आवाज बारीक झाला. हे ऐकून मास्तरांचा एक डोळा उघडला. मग दुसरा.

"त्यांना बोलू नका बाई. मी केलं ते."

"तुम्ही?"

"तुमची ओळ जरा... म्हणजे दमला होतात तुम्ही. म्हटलं, आपल्याकडून तेवढीच मदत."

सिस्टरांनी मास्तरांकडे असं पाहिलं की भूल द्यायची गरजच उरली नसती.

"मास्तर," बाई स्टुलावर बसल्या, "मागं हे बोट कापलं तेव्हा टाके कसे होते?"

"सरळ! एकदम झकास."

"आणि मग काय झालं?"

मास्तरांनी पाय कापडाखाली ओढून घ्यायला बघितलं.

"सरळ व्रण दोरीसारखा असतो. आखडला की सगळं ओढून घेतो. म्हणून मी वाकडं कापते. त्रिकोण करते, त्यांची जागा बदलते, तेवढीच कातडीला लांबी मिळते. तुम्ही कोटाची काख शिवता, तिथं गोलाईला काय करता?"

"बारीक बारीक चिरा देतो. नाहीतर शिवण ओढते, हात वर होत नाही, आणि गिऱ्हाईक..." मास्तर थांबले. त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग बाईंकडे. "अरे देवा. मी स्वतःचीच काख बिघडवत होतो."

"पायाची," सिस्टर म्हणाल्या.

बाईंनी बोट पुन्हा स्वच्छ केलं आणि पहिल्यासारख्याच खुणा केल्या. या वेळी सिस्टर मास्तरांचे दोन्ही हात धरून उभ्या होत्या. मास्तर प्रत्येक रेघेला "वा!" म्हणत होते, तेही बाईंनी बंद करायला लावलं.

बाहेर बायकोला हे समजलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "माझ्या ब्लाउजवर कधी दोनदा खडू फिरवला नाही, आणि तिथं डॉक्टरांवर मास्तरकी!"

पुढचे दिवस पाय उशीवर आणि मास्तर बायकोच्या ताब्यात. टाके निघाले, मग सिलिकॉनची पट्टी आली, मालीश आली. मशीनचा आवाज आला की पट्टीतला पाय उशीवर आपोआप खालीवर व्हायचा.

"पायडल मारू नका!"

"मारतोय कुठं? स्वप्न बघतोय."

"पायानं स्वप्न बघू नका."

हळूहळू बोट खाली उतरलं. व्रण मऊ झाला, फिकट झाला, आणि जावई शेजारच्या बोटांच्या मांडीला मांडी लावून बसायला शिकला. "जावई होता," बायको एकदा पट्टी बदलताना म्हणाली, "आता घरचा पोरगा झालाय." ज्या दिवशी बाईंनी परवानगी दिली, त्या दिवशी मास्तरांनी मशीनवर बसून रिकामी सुईच कितीतरी वेळ पळवली. कापड घातलंच नाही. बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि वर म्हणाली, "तेल घालायला पाहिजे होतं त्याला."

बाईंना पांढरा कोट शिवून द्यायचं मास्तरांनी तेव्हाच ठरवलं होतं. त्या दुकानात आल्या, मापं झाली, मास्तरांनी कापडावर खडूनं आखणी केली आणि चहा सांगायला ते आत गेले. परत आले तर काखेची गोलाई पुसलेली. तिथं एक सरळ रेघ. तीही पट्टी लावून.

"ही ओळ कुणी काढली?"

"मी नाही बाई," बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाई छताकडे बघत होत्या. बोटांना खडू लागला होता. "नाही, ते... वाकडं वाटलं मला जरा. सकाळपासून काम करताय, म्हटलं, दमला असाल."

मास्तरांनी एकदा कापडाकडं पाहिलं, एकदा आपल्या पायाकडं. मग कात्री उचलली आणि बाईंच्या रेघेवरूनच काप दिला.

"अहो!" बायको ओरडली.

"ज्या हातानं माझा पाय परत दिला, त्याची रेघ मी खोडायची होय?"

तो कोट बाई अजून वापरतात. खांद्याला सुरकुती नाही, हात वर केला तरी ओढत नाही. "मापात थोडी दुरुस्ती मीच सुचवली होती," असं त्या सगळ्यांना सांगतात, आणि मास्तर समोर असले तर मान डोलावतात. काखेत आतल्या बाजूला मास्तरांनी एक कळी, म्हणजे जास्तीच्या कापडाचा तुकडा, घातली आहे, नागमोडी कापून, त्रिकोणाला त्रिकोण जोडून. ती कुणालाच दिसत नाही. सरळ काप ओढू नये म्हणून काय करायचं, ते त्यांना एका चांगल्या डॉक्टरनं शिकवलंय.