एका संगणकात दोन संसार

कोणत्याही कार्यालयाची इभ्रत त्याच्या काटेकोरपणावर टिकून असते. वजन-मापे कार्यालयाची तर जरा जास्तच, कारण दुकानदाराच्या तराजूत केसभर फरक निघाला तर हे कार्यालय त्याच्या दुकानाला टाळं ठोकू शकतं. अशा या कार्यालयात संगणक एक होता आणि साहेब दोन. थोरल्या साहेबांना जुनी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती, धाकट्यांना नवी. त्यातून दोघे एकमेकांचे साडू, म्हणजे माघार घ्यायची सोयच नाही. शेवटी एकाच संगणकात दोन्ही सिस्टिमचे वेगवेगळे संसार थाटून देण्यात आले. एक दिवस थोरल्यांची, एक दिवस धाकट्यांची. (ही समेटाची पद्धत पाहायला बाहेरून शिष्टमंडळही आलं होतं. चहा पिऊन गेलं.)

सकाळी दहाला रखवालदार दार उघडून, ज्याची पाळी असेल ती सिस्टिम सुरू करी. त्याच्या पाठोपाठ खिडकीवरच्या ताई येत, हजेरीच्या यंत्रावर अंगठा लावत आणि लोकांसाठी खिडकी उघडत. यंत्र वेळ घेई संगणकाकडून. आणि ताईंच्या अंगठ्यापुढे एक दिवस दुपारचे साडेतीन उमटत, दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेचार. साडेतीन म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा. साडेचार म्हणजे बंद कार्यालयात विनापरवाना प्रवेश. थोड्या वेळाने संगणक इंटरनेटवरून खरी वेळ आणून शहाण्यासारखा वागू लागे, आणि मग अकराच्या सुमारास बाकीची मंडळी पान खात, गप्पा मारत येत. अकरापर्यंत आलेला वेळेवरच धरायचा असा रिवाज असल्याने त्यांची हजेरी आरशासारखी लख्ख होती.

ताई कित्येक वर्षं हंगामी होत्या. घरात मिळवत्या त्या एकट्याच. कायम करण्याचा प्रस्ताव कसाबसा वर सरकला होता, तो हजेरी पाहून अडला. ताई घाबरून गेल्या. त्यांनी साहेबांच्या हातापाया पडून संगणक दुरुस्त करणाऱ्याला बोलावून घेतलं.

त्याने उभ्याउभ्याच निदान केलं. "बिघाड काही नाही हो. आतलं घड्याळ एकच आहे. एक सिस्टिम त्यात इथली वेळ भरते, दुसरी जगाची, म्हणजे साडेपाच तास मागची. जी येते ती आधीचीने भरलेलं पुसते. एकीला सांगून टाकू, दुसरीच्या वळणाने चाल म्हणून. दोन मिनिटांचं काम आहे."

"कोणाला सांगणार?" दोन्ही साहेबांनी एकदम विचारलं.

दुरुस्तीवाल्याने आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवीची चेन लावली.

मग रीतसर समिती बसली. (सदस्य: दोघे साडू.) सखोल अभ्यासांती समितीला आढळलं की जुन्या सिस्टिममध्ये दोष नाही, नव्यातही नाही, आणि बहुसंख्य कर्मचाऱ्यांची काहीच तक्रार नाही. गैरसोय होते ती फक्त वेळेवर येणाऱ्याची. सबब, संबंधित कर्मचाऱ्याने वेळेवर येण्याची सवय तातडीने सोडावी. इतकी स्वच्छ, कमी खर्चाची शिफारस त्या कार्यालयाने आजवर केली नव्हती.

ताईंना ते जड गेलं. दहाच्या ठोक्याला डबा भरून तयार असलेली सून उंबऱ्यात नुसतीच उभी राहिलेली पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, उशीर होतोय ना?"

"अजून कुठे झालाय, आई? होऊ द्या की नीट."

जिवाला चैन नसायची, पण ताईंनी नेटाने उशीर केला. हजेरी सुधारली. शेऱ्याच्या रकान्यात 'वक्तशीर' असं आलं. कायम करण्याचा आदेश टाइप झाला, थोरल्यांनी सही ठोकली आणि तो धाकट्यांच्या टेबलावर गेला. ताईंनी घरी कोणाला सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्या रस्त्याने स्वतःशीच हसत गेल्या.

त्याच आठवड्यात एक तक्रार आली. दहा वाजून गेले तरी खिडकी बंद, बाई जागेवर नाहीत, अशा लोकांना घरी बसवलं पाहिजे. अक्षर सुरेख, भाषा कडक, खाली नागरिकाची ठसठशीत सही. धाकट्या साहेबांनी ती दोनदा वाचली, आदेश बाजूला काढला आणि ताईंना उद्यापासून न येण्याबद्दल कळवलं.

तुमची तक्रार किती तत्परतेने निकाली निघाली, हे तुम्हाला कळावं म्हणून ही सगळी हकीकत सांगितली.