जुनी पाटी, नवें दार

श्रीगजवदनास नमन, विद्युल्लतेस नमन, आणि जी कळ दाबिली असतां खरोखर चालते, तीसही नमन. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, यंत्रांचे एके राज्यी वर्तमान जाहलें तें ऐसें. त्या राज्यी गडोगडी दवाखाने, आणि गडाचे गाभ्यास कर्नेल म्हणावें, आणि गाभ्यांत शिरोन रोग्यांची नाडी वैद्यांस कळवी त्या हुजऱ्यास मॉड्यूल म्हणावें. हुजऱ्या भलत्या भिंतीस आपटला कीं सारा गड मूर्च्छित पडे, ऐसा तेथील चमत्कार. हुजऱ्यांचे कारभारी विसापंत कोरडे. गादी बदलली कीं नवा धनी हौसेनें गाभ्याचें दार हलवी. पाचवे गादीचें दक्षिणेस, सहावीचें उत्तरेस. मग पंतांनी हुजऱ्यास पढविलें, "वेशीवरची गादीच्या आंकड्याची पाटी वाच. पाच तर दक्षिण, सहा तर उत्तर." आणि मिशीस पीळ दिला.

मग हुजऱ्या पाचवे गादीचे एके जुने गडावर रवाना जाहला. तेथेंच पंतांच्या वडील भगिनी गोदाक्का हृदयविकारें पडल्या होत्या. पाटी पाचाची, हुजऱ्या दक्षिणेस धावला, आणि कपाळमोक्ष होऊन गड मूर्च्छित पडला, आणि कोणाचीच नाडी वैद्यांस कळेना. पंत धापा टाकीत आले. पाटी पाहिली, पाच. पुन्हा पाहिली, पाचच. आणि दक्षिणेस भिंत! पंतांची मति गुंग जाहली, आपण दुसरेच गडावर आलों काय, म्हणोन किल्लेदार रखमाजीस पुसों लागले, "दार कोठें?" रखमाजी म्हणाले, "उत्तरेस. गेल्या साली फोडिलें. सहावे गादीचें बरें दिसलें, उचलोन आणिलें." "आणि पाटी?" "पाटी कां बदलावी, पंत? आमचा गड कधी बदलत नाही, ऐसा लौकिक आहे!"

पंतांस हसावें कीं रडावें सुचेना. मग हुजऱ्यास उठवून म्हणाले, "बाबा रे, पाटी वाचूं नको. आधी दार चाचप, हातास लागेल तेथोन शिर." हुजऱ्या चाचपत गेला, दार सांपडलें, आणि गड शुद्धीवर आला. मग पंत खाटेपाशी गेले. उशाशी पाटी होती, गोदाक्का म्हणोन. पंतांनी ती पाहिली नाही. आधी मनगट चाचपलें, नाडी लागली, तेव्हां रडले. आक्का म्हणाल्या, "विसू, हात किती गार रे तुझे!"

येणेंप्रमाणें जुने गडाची हकीकत. राज्यी आतां सातवी गादी बसली आहे. तिचें दार कोठें, हें पंतांस ठाऊक नाही, आणि ते कोणास पुसतही नाहीत.