भिंतीशी बोलणारा टीव्ही

आमची नलूआत्या कुणाकडेही गेली की चहाच्या आधी टीव्हीच्या मागे जाते. पदर खोचून वाकते आणि बोटांनी मागची भोकं चाचपते. घरातल्यांना वाटतं, बाईंचं कानातलं पडलं. आत्या वर येते ती निदान घेऊनच. "याचा आवाज मागून निघतो. हा तुमच्याशी बोलतच नाही, भिंतीशी बोलतो."

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. अर्नाळ्याच्या अलीकडे तिची केळीची आणि तगरीची वाडी आहे. तिचे यजमान गेल्यापासून ती एकटीच राहते. सकाळी फुलं बाजारात रवाना झाली की उरलेला दिवस जुन्या स्पीकरांचा. मोडीत निघालेली गाडी असो, बंद पडलेला टेपरेकॉर्डर असो की मंडळाने टाकून दिलेला खोका, स्पीकर दिसला की आत्या त्याचा पडदा हलकेच दाबून बघते, बाजारात फळ दाबून बघावं तसं. "नवीन कशाला? याची छाती अजून शाबूत आहे." टीव्ही सपाट झाले आणि आवाजाची छाती गेली, असं तिचं ठाम मत आहे.

आम्ही आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये मोठा टीव्ही घेतला, तेव्हा ती रिक्षाने हजर झाली. फुलांच्या करंडीत, केळीच्या पानाखाली, दोन स्पीकर आणि जुना अँप्लिफायर. एक स्पीकर तिने तांदळाच्या रिकाम्या डब्यात बसवला होता, दुसरा जुन्या कपाटातून काढलेल्या खणात. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर अँप्लिफायरला, तिथून स्पीकरना.

"कानाच्या उंचीवर ठेव रे. कोपऱ्यात नको, तिथे आवाज घुमतो."

डबा झणझणायला लागला, तशी तिने माझ्या लहानपणीची गोधडी त्यात कोंबली. मग टीव्ही लावला. जाहिरातीतल्या कुकरची शिट्टी झाली आणि माझी बायको गॅस बंद करायला धावली. आत्याला एवढी पावती पुरे होती.

सगळ्या जगाशी गप्पा मारणारी आत्या एका माणसाशी मात्र बोलत नाही. सुमनकाकी, तिची थोरली जाऊ. अंगणापलीकडे समोरच तिचं घर. एका आंब्याच्या वाटणीवरून दोघींचं बोलणं बंद झालं, त्याला इतकी वर्षं लोटली की तो आंबाही आता उभा नाही. आत्या तिचं नावसुद्धा घेत नाही. 'पलीकडची' म्हणते.

गेल्या रविवारी संध्याकाळी मी वाडीवर गेलो. आत्याची सिरियल लागायची होती. सगळ्यांना जोडीने स्पीकर बसवून देणाऱ्या आत्याच्या टीव्हीशेजारी एकच स्पीकर होता.

"आत्या, दुसरा कुठाय?"

"धुवायला टाकलाय."

वायर मात्र खिडकीतून बाहेर गेली होती. मी चपला घालून वायरीच्या मागोमाग निघालो. केळींच्या बुंध्यांना सुतळीने बांधलेली ती वायर अंगण ओलांडून थेट सुमनकाकीच्या खिडकीत शिरली होती. काकी खाटेवर बसली होती. तिला हल्ली डोळ्यांनी जवळजवळ काहीच दिसत नाही, हे मी ऐकून होतो. उशाशी आत्याच्या संग्रहातला सगळ्यात चांगला स्पीकर होता, लख्ख पुसलेला.

परत येऊन विचारलं, "तू तिच्याशी बोलत नाहीस ना?"

"मी कुठे बोलते? सुनेने तिच्या मागितला, दिला. बोलते ती सिरियल."

सिरियल सुरू झाली. थोड्या वेळाने नुसतंच संगीत वाजायला लागलं, पडद्यावर कुणी बोलेना. आत्या माझ्याकडे वळली आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघ रे, सासू आज हिरवा शालू नेसलीय! नाकात एवढी मोठी नथ!"

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. मला दिसत होतं.

अंगणापलीकडून आवाज आला, कुणालाच न उद्देशून. "मेलीला हिरवा शोभत नाही."

आत्याने खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"नाहीच शोभत," ती मला मोठ्यांदा म्हणाली. "आणि पदर बघ, कसा वेडावाकडा घेतलाय."