शेषरावांचा वीतभर फरक

आमचे शेषरावभाऊ दगडाची माफी मागतात. कोणत्याही दगडाची नव्हे. मोजणीवाल्यांनी फार पूर्वी गाडलेल्या, उंचीची खूण कोरलेल्या दगडाची. त्यावर मोजपट्टी उभी करण्याआधी वाकून म्हणणार, "माफी असावी, डोक्यावर पट्टी उभी करून राह्यलो."

"लाज वाटते बुवा" हे त्यांचं पालुपद. चहात साखर कमी पडली तर मागायची लाज. आमच्या गाडीच्या हॉर्ननं म्हैस बिचकली, तर हे उतरून म्हशीच्या मालकापुढे हात जोडून उभे. इंद्रवेल्लीच्या बाजारात एकानं त्यांना चुकून रामराम केला. माणूस भलताच होता हे कळल्यावर तो हसला आणि गेला. शेषराव संध्याकाळपर्यंत लाजत होते. "त्याचा रामराम फुकट गेला ना माह्यावर!" अशा माणसाबरोबर चारचौघांत फिरायची मलाही लाजच वाटायची.

आमचं काम तसं साधं. पृथ्वीची ओढ सगळीकडे सारखी नसते. उपग्रह ती वरून मोजतात, आणि त्या हिशेबावरून कोणती जागा समुद्रापेक्षा किती उंच हे काढता येतं. ते खरं निघतं का, हे आम्ही आदिलाबाद जिल्ह्यातल्या जुन्या दगडांवर जाऊन, त्यांच्या नोंदलेल्या उंचीशी ताडून पाहतो. जुळलं की शेषराव खूश. मग खूश झाल्याची लाज.

नार्नूरकडच्या एका गावात मात्र जुळेना. आधीचे सगळे दगड बरोबर, इथंच वीतभर फरक.

"मीच कुठंतरी माती खाल्ली," शेषराव म्हणाले. पुन्हा मोजलं. तोच फरक. मग शेजारच्या गावच्या दगडापासून, दुर्बिणीतून पट्टी वाचत, टप्प्याटप्प्यानं पायी आलो. उपग्रहाचं खरं निघालं, जुनी नोंद वीतभर कमी. शेषरावांना जेवण जाईना.

"म्हंजे जुन्या मोजणीवाल्याइले खोटं पाडून राह्यलो मी? मेलेल्या माणसाइले?"

दगड होता सुमनबाईंच्या अंगणाच्या कडेला. बाई एकट्याच, मागं वांग्या-मिरचीचा मळा. "त्यांना विचारू या," मी म्हटलं. पण एकट्या बाईच्या अंगणात घडीघडी शिरायची शेषरावांना लाज. शेवटी मीच विचारलं.

"दगड ना? माह्या मालकानं वर घेतला थो," बाई कौतुकानं सांगू लागल्या. "पावसात चिखलात बुडून जाय. म्हणे, सरकारी दगड हाय, साहेब लोकाइले कसा सापडन? मंग सिमिटाचा ओटा केला अन् वर बसवला."

"किती वर?" शेषरावांनी हळूच विचारलं.

बाईंनी वीत पसरून दाखवली. "आता ते नाही राह्यले. पण दगड पाहा कसा पक्का हाय."

तेवढ्यात हैदराबादहून साहेबांचा फोन आला. शेषरावांना फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर लावलेला. दगड हलवलेला आहे हे कळताच साहेब कडाडले, "किसने हिलाया? नाम बताओ, केस करेंगे उसपे!"

सुमनबाईंना हिंदी कळत होती. त्यांचा चेहरा उतरला. पदर ओढून त्या भिंतीशी सरकल्या.

"मालूम नहीं सर," शेषराव म्हणाले. "गलती मेरी है. पहले दिन ही पूछना था, मैंने नहीं पूछा."

मग साहेबांनी त्यांना जे झोडपलं! इतक्या वर्षांची नोकरी काढली, अक्कल काढली. शेषराव मान खाली घालून "जी सर, जी सर" करत उभे. मला तिथं थांबवेना. मी वांग्यांकडे बघत राहिलो.

फोन बंद झाल्यावर बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "त्याहिचं चुकलं काय, भाऊ?"

"नाही ताई. त्याहिनं उचलला म्हणून तं आमाले दिसला."

"दगड पुन्हा खाली बसवायचा का?" मी विचारलं. शेषरावांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"काऊन? इथंच राहीन. त्याची उंची नवी लिहू आपण."

भर दुपारी पुन्हा दुर्बिणीचं यंत्र मांडलं. उन्हानं ते तापू नये म्हणून सुमनबाईंनी घरातून छत्री आणली आणि यंत्रावर धरून स्वतः उन्हात उभ्या राहिल्या. मी दगडावर पट्टी धरली. शेषरावांनी आकडा वाचला, लिहिला, आणि बाजूला झाले.

"ताई, तुमी पाहा बरं एकडाव."

बाईंनी भीतभीत दुर्बिणीला डोळा लावला. नवऱ्यानं बांधलेला ओटा त्यांना हाताशी आल्यासारखा दिसला असावा. बराच वेळ त्यांनी डोळा काढला नाही. मी पट्टी धरून अवघडलो होतो, पण शेषरावांनी घाई केली नाही. छत्री आता त्यांच्या हातात होती आणि तिची सावली बाईंच्या डोक्यावर होती.