जावयाच्या गाडीतला आवाज

धार सोडून अर्धा तास झाला नसेल, तोच खंडोजीरावांनी न दिसलेल्या स्पीडब्रेकरवरून गाडी उडवली. खालून 'धप्प' झालं. गाडी स्वतःची असती, तर रस्त्याला दोन शिव्या हासडून ते पुढे गेले असते. पण ही होती जावयाची, दीड महिन्यापूर्वी घेतलेली, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. "मामा, बसनं कशाला येता? गाडी घेऊन या," असं म्हणून विक्रमसिंहांनी ती मित्राबरोबर देवासहून धाडली होती. लेकीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या घराण्यातल्या माणसानं जावयाच्या गाडीला हात लावावा, हेच मुळात चुकलं होतं. आता नुसता ओरखडा निघाला, तरी प्रियांकाची सासू तिला जन्मभर ऐकवणार.

त्यातल्या त्यात एकच बरं होतं. मागे बसलेल्या बायकोचं, भवानीबाईंचं, मौन होतं. प्रियांकाला शिक्षिकेची नोकरी लागली, तर घराच्या उंबरठ्यापासून देवासच्या टेकडीवर आई तुळजाभवानीच्या पायांवर डोकं ठेवेपर्यंत चकार शब्द काढणार नाही, असा त्यांचा नवस होता, आणि नोकरी लागली होती. लिहूनही काही सांगायचं नाही. लिहिणं म्हणजे हातानं बोलणंच, असं त्यांचं ठाम मत. थोडक्यात, साक्षीदाराचं तोंड देवासपर्यंत बंद होतं.

खंडोजीरावांनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. काटा साठावर गेला आणि कुठूनसा आवाज आला, 'हूंऽऽऽ'. सत्तरला त्यात बारीक किणकिण मिसळली. ऐंशीला तो 'हूंऽऽऽ' असा काही चढला, की त्यांनी घाबरून पाय उचलला. आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा 'हूंऽऽऽ'.

"गेली! काहीतरी तुटलं!" त्यांना घाम फुटला.

बेटम्याला रस्त्यालगतच चिंटू मेकॅनिकचं गॅरेज होतं. "टेंशन मत लो, अंकल. अपन देख लेते हैं," तो म्हणाला. भवानीबाईंना लिंबाखाली स्टुलावर बसवून, खंडोजीरावांना शेजारी घेऊन त्यानं गाडी नव्वदपर्यंत नेली. आवाजाचा पत्ता नाही.

"गाडी तो एकदम चकाचक है."

"अरे भिया, येतो आवाज! बिलकुल येतो!"

मग तिघंही बसले, स्टिअरिंगवर खंडोजीराव. साठला 'हूंऽऽऽ' सुरू झाला आणि चिंटूचा चेहरा उतरला.

"पीछे से आ रिया है, अंकल. और... माताजी के बैठने से आ रिया है."

"म्हणजे?"

"मतलब, वजन से," चिंटू खालच्या आवाजात म्हणाला. खंडोजीरावांनी आरशात पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर वळवली.

मग मागची चाकं निघाली, सायलेन्सरवरचा पत्रा निघाला, शेवटी मागची सीटही निघाली. जावयाची नवी कोरी गाडी ताडपत्रीवर पसरलेली पाहून खंडोजीराव डोकं धरून बसले. एवढ्यात भवानीबाई लगबगीनं आल्या आणि जोरजोरात मान हलवत स्वतःच्या छातीवर बोट ठेवू लागल्या.

"जीव घाबरा होतोय? माझाही होतोय गं," म्हणत खंडोजीरावांनी पाण्याची बाटली पुढे केली.

भवानीबाईंनी कपाळावर हात मारला.

"हो, नशीबच फुटकं," खंडोजीराव म्हणाले.

दोन तासांनी गाडी पुन्हा जोडली गेली. एक स्क्रू उरला. "एकाध तो एक्स्ट्रा रेता ही है," चिंटूनं दिलासा दिला. पुढचा सारा रस्ता खंडोजीरावांनी तीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. ट्रॅक्टरसुद्धा पुढे निघून गेले. आवाज आला नाही. मग टेकडीची चढण लागली. एकेक पायरीगणिक बायकोचं तोंड उघडायची वेळ जवळ येत होती.

वर विक्रमसिंह ओटीचं ताट घेऊन उभे होते. भवानीबाई देवीपुढे वाकल्या मात्र, खंडोजीरावांनी जावयापुढे हात जोडले.

"जावईबापू, माफ करा. गाडी आपटली माझ्या हातून. स्पीड घेतला की आवाज येतो."

"मामा, गाडीच तर आहे. पण आवाज येतो कसा?"

"हूंऽऽऽऽ!" खंडोजीरावांनी डोळे मिटून करून दाखवलं. दर्शनाची रांग वळून बघू लागली.

"अहो, पुरे!" मागून आवाज आला. "ती मी होते."

"तू?"

"मग कोण? तुम्ही गाडी पळवायला लागलात, माझा जीव मुठीत. 'हळू' म्हणता येईना. तोंड मिटूनच आईचा धावा करत होते. दाराचं हँडल धरलं, तर हात लटलट कापत होता. बांगड्या वाजणार नाहीत?"

विक्रमसिंह घाईनं पाठ फिरवून खालचं देवास पाहू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

गाडीला काही झालेलं नाही हे कळल्यावर खंडोजीरावांना आधी हायसं वाटलं आणि मग राग आला. "नेमकं आजच मौन धरायचं होतं तुला? एरवीसारखी ओरडून बोलली असतीस, तर एवढा घोळ झालाच नसता!"

"एरवी?" भवानीबाई पदर सावरत म्हणाल्या. "अडतीस वर्षं ओरडतेय, हळू चालवा, मला भीती वाटते. कधी थांबवलीत गाडी? आज तोंड मिटलं, तेव्हा कुठे ऐकू आलं तुम्हाला."

खंडोजीरावांनी किल्ली जावयाच्या हातात ठेवली आणि भवानीबाईंच्या मागून एकेक पायरी हळूहळू उतरू लागले.