मोघ्यांची शिकार

लिफ्टचं दार उघडलं की मोघे नमस्काराच्या आधी विचारतात, "बावीस बोअरच्या रायफलीनं हरीण मारलंत तर काय होईल?"

मी कोथिंबीर आणायला निघालेला असतो. सिंगापुरात खेळण्यातलं पिस्तूल घेतानाही माणूस दहा वेळा विचार करतो. टॅम्पिनीसच्या बाराव्या मजल्यावर हरीण कुठून यायचं? पण मोघ्यांना उत्तर नकोच असतं. "गुन्हा! गोळी हलकी पडते. हरीण जखमी होऊन पळतं आणि तडफडून मरतं. निदान टू-फोर्टी-थ्रीची जड गोळी पाहिजे. नियम म्हणजे नियम!"

हा माणूस जन्मभर बँकेत ऑडिटर. केकमध्ये अंडं नाही ना, हे तीनदा विचारणार. झुरळ दिसलं तर आमच्या हिला हाक मारणार. आणि गप्पा कसल्या, तर अमेरिकेतल्या कुठल्या राज्यात हरणासाठी रायफल चालते आणि कुठे फक्त शॉटगन! आमची मुलगी त्यांना पाहिलं की जिन्यानं जाते. "अंकल विल स्टार्ट अगेन, लाह!"

या वेडाचं मूळ म्हणजे त्यांचा अमेरिकेतला मुलगा ओंकार. त्याचा सासरा शिकारी. दर नोव्हेंबरात सासरे-जावई जंगलात जातात. मोघेवहिनी गेल्यापासून ओंकारचा रविवारचा फोन पाच मिनिटांत आटपायला लागला. मग मोघ्यांनी ठरवलं, पोराला बंदुका आवडतात ना, आपण बंदुका शिकू. शिकाऱ्यांचा ऑनलाइन कोर्स केला, प्रमाणपत्र फ्रेम करून देवघराशेजारी टांगलं. गेल्या वर्षी तिकीटही काढलं.

"यंदा मला जंगलात नेईल तो," म्हणाले. "बंदूक नको मला. नुसतं शेजारी बसायचं."

मग ते नारिंगी जाकीट आलं. डोकं, छाती, पाठ, तिन्हीकडे झगझगीत रंग हवा म्हणे, नाहीतर दुसरा शिकारी आपल्यालाच हरीण समजायचा. सवय व्हावी म्हणून महाशय भर उन्हात टोपीसकट ब्लॉकभोवती फेऱ्या मारायचे. एका चिनी आजींनी त्यांना सफाई कामगार समजून तुंबलेल्या गटाराची तक्रार सांगितली. मोघ्यांनी ती लिहूनही घेतली.

"हरणाला हा रंग कळत नाही, माणसाला कळतो," ते मला म्हणाले.

"कळतोय," मी म्हणालो आणि चालू लागलो.

तीन आठवड्यांनी ते परतले. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी कॉफी घेताना भेटले तेव्हा माझ्याकडे टोमणे तयारच होते.

"काय मोघे, किती पाडली?"

"गेलोच नाही."

"थंडी सोसली नाही वाटतं?"

"थंडीचं काही नाही हो. सासऱ्यांनी गाडीत माझी जागा ठेवली होती. माझ्या मापाचे बूटही आणले होते. ओंकारच म्हणाला, बाबा नकोत. दिवसभर नियम सांगत बसतील."

एवढं बोलून ते कॉफी ढवळत राहिले. मला स्वतःची लाज वाटली. वर्षभर मीही त्यांना टाळण्यापलीकडे काय केलं होतं? काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "मोघे, वारा कुठून येतोय हे जंगलात ओळखायचं कसं हो?"

त्यांनी चमचा खाली ठेवला. बोट ओलं करून वर धरलं, डोळे मिटले. तिथे कसला वारा, छताचा पंखा तेवढा फिरत होता. मी पण बोट ओलं केलं.